गॅलरीतली दाढी

बाबा : उंदीर म्हणे! उंदीर कधी पट्टीने आखल्यासारखं सरळ कुरतडतो का?

लेक : एखादा शिस्तीचा असेल.

बाबा : हो ना. आणि बरोबर चामडंच खातो, शेजारी लोंबणारा टॉवेल सोडून. टाचणे, इकडे बघ. वस्तरा घासायचा हा पट्टा माझ्या उस्तादांनी मला दिलाय. ज्या दिवशी माझ्या हातून पहिला कोट सरळ उतरला, त्या दिवशी. इतक्या वर्षांत याला साधा ओरखडा नाही. आणि आज बघतो तर मधोमध चिरा!

लेक : चामडं जुनं झालं की फाटतंच.

बाबा : फाटलेलं आणि कापलेलं यातला फरक तू शिंप्याला सांगतेस? हे कापलेलंय. वस्तरा पट्ट्यावर ओढताना पाठ पुढे आणि धार मागे ठेवायची असते. ज्याला माहीत नसतं तो भाजी चिरल्यासारखा धार पुढे करून ढकलतो. आता सांग, या घरात वस्तरा कोणाला वापरता येत नाही?

लेक : आईला.

बाबा : आणखी?

लेक : मला.

बाबा : पुढे ऐक. तुझा हा उंदीर माझा सेफ्टी रेझरही वापरतो. बरेच दिवस वापरतोय.

लेक : ते कशावरून?

बाबा : रेझर पुसलेला असतो. उघडून, पातं काढून, धुऊन, पुसून परत बसवलेला. फटींमधला साबणसुद्धा गायब. लग्नाच्या आधीपासून तो रेझर मी वापरतो, एकदाही पुसलेला नाही. तुझी आई सांगून सांगून थकली. आणि आता तो अचानक शोकेसमध्ये ठेवल्यासारखा चमकायला लागला. चोराने चोरी तर केली नाहीच, वर घर झाडून गेला.

लेक : प्रयोगशाळेची सवय आहे हो. वापरलेली वस्तू धुतल्याशिवाय जागेवर ठेवायला हातच धजत नाही.

बाबा : म्हणजे कबूल.

लेक : कबूल. पट्टा नवीन आणून देते.

बाबा : पट्ट्याचं राहू दे. तुला लागतो कशाला रेझर? पेन्सिलीला टोक काढतेस की काय?

लेक : दाढी करते.

बाबा : कोणाची?

लेक : बाबा, तुम्ही सोडून या घरात दाढी करायला उरलंय कोण? माझी.

बाबा : तुझी?

लेक : असे बघत राहू नका. ओरडा, हसा, काहीही करा.

बाबा : इकडे ये. उजेडात ये. तोंड वर कर. वर कर गं, मी काय खातोय? हे काय आहे हनुवटीखाली?

लेक : पुटकुळ्या. केस आतल्या आत वळतात आणि कातडीत अडकतात.

बाबा : आणि हे कापल्याचं?

लेक : ते कालचं. रेझरचं पातं बोथट झालं होतं. नवीन पुडी फोडली तर तुम्हाला कळलं असतं, म्हणून म्हटलं वस्तरा करून बघावा. तो पट्ट्यावर ओढला, पट्टा कापला. मग हनुवटीला लावला, ती कापली. मग धुऊन पुसून ठेवला.

बाबा : पुसायला विसरली नाहीस! कुठे उभी राहून करतेस हे?

लेक : न्हाणीघरात. दिवा न लावता.

बाबा : अंधारात?

लेक : दिव्याचं बटण बाहेर आहे. लावलं की आई विचारते कोण आहे. आरसा तिथे नाहीच. पाणी गार, कारण तापवायचं तर गॅस पेटवावा लागतो. हाताला लागेल तसं खरवडते. वर खाली, खाली वर.

बाबा : सुती पायजमा उसवावा तसा चेहरा उसवलायस. अगं, किती दिवस चाललंय हे?

लेक : कॉलेजात गेल्यापासून केस यायला लागले. ग्रंथींचं आहे. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. त्याआधी आई मला दोरावाल्या बाईकडे न्यायची, मग मेण लावणाऱ्या बाईकडे. मेणाने एकदा गाल भाजला होता, आठवतं? आईने तुम्हाला सांगितलं की तेल उडालं.

बाबा : मला वाटलं खरंच तेल उडालं. मला कोणी सांगितलं का नाही?

लेक : बाबांना कळता कामा नये, असं ठरलं होतं.

आई : अहो, पाणी तापून उकळायला लागलं की! दाढी करताय की नुसत्या गप्पा? हे पातेलं घ्या आधी. आणि ही का अशी तोंड वर करून उभी? काय लागलं हिला?

बाबा : वस्तरा लागला.

आई : कोणाचा?

लेक : आई, बाबांना कळलंय.

आई : काय कळलंय?

लेक : मी दाढी करते ते.

आई : दाढी म्हणू नकोस!

लेक : मग काय म्हणू?

आई : काहीही म्हण. म्हणूच नकोस. आणि ब्लेड लावलंस तू तोंडाला? बाईच्या जातीने? आता बघ, झाडूसारखे राठ येतील. दुप्पट येतील.

लेक : नाही येत. केस मुळाशी जाड असतो आणि टोकाला निमुळता. कापला की निमुळतं टोक जातं आणि मधला जाड भाग वर दिसतो. म्हणून हाताला राठ लागतो. केस तेवढेच असतात. ब्लेड वरून जातं, मुळाला पत्ताही नसतो.

आई : तुझं शास्त्र तुझ्यापाशी ठेव.

लेक : माझ्यापाशीच आहे, हनुवटीवर. सहा महिने मोजून बघितलंय. एका बाजूला ब्लेड, दुसऱ्या बाजूला दोरा. फरक एवढाच की दोऱ्याच्या बाजूला डोळ्यांतून पाणी येतं.

बाबा : एका बाजूला हे, एका बाजूला ते? स्वतःच्या तोंडावर प्रयोग?

लेक : दुसऱ्या कोणाचं तोंड मिळतंय मला?

बाबा : थांब. थांब जरा. तू त्या डोंगरावरच्या वेधशाळेची नोकरी नको म्हणतेस. आज दुपारपर्यंत कळवायचंय ना त्या बाईंना? थंडी सोसणार नाही म्हणालीस. जेवण बरं नाही म्हणालीस. आईचा गुडघा दुखतो म्हणालीस.

आई : माझा गुडघा दुखतोच.

बाबा : तुझ्या गुडघ्याचं नंतर. टाचणे, खरं काय ते सांग. लहानपणापासून ढगांच्या वह्या भरतेस. पावसाचं पाणी डब्यात मोजायला पत्र्यावर चढून पाय मोडून घेतलास. मुलाखतीहून आलीस ती नाचत आलीस, आणि दोन दिवसांत एकदम थंडी?

लेक : तिथे राहायची खोली दाखवली त्यांनी. एक लांब खोली, सात खाटा, मी आणि आणखी सहाजणी. खिडकीखाली लांबच लांब बेसिन आणि त्यावर एकच आरसा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सकाळी सगळ्या एका रांगेत उभ्या राहतात. कडी लागेल असं दार फक्त शौचालयाला. मी त्या आरशासमोर उभी राहिले, माझ्या शेजारी केंद्रप्रमुख बाई होत्या, आणि आरशात त्या माझ्या गालाकडे बघत होत्या. की मला तसं वाटलं. काय असेल ते. मग घरी दोन दिवस तोच आरसा डोळ्यांसमोर राहिला आणि ठरवलं, नाही म्हणून सांगायचं.

आई : मग तेच बरं केलंस.

लेक : काय?

आई : नाही म्हणतेस तेच बरं. सहाजणींच्या तोंडी होण्यापेक्षा इथे काहीतरी मिळेल. घरात राहशील, कोणाला कळणार नाही. नाहीतर त्यांना सांग, मला दमा आहे, वेगळी खोली द्या. ते पण नाही जमलं तर सोड. तब्येतीचं निमित्त कोणाला खोटं वाटत नाही.

लेक : पुन्हा बोल.

आई : काय पुन्हा बोलू?

लेक : शेवटचं. माझ्या मनात गेले चार दिवस हेच चाललंय, शब्दन् शब्द. तुझ्या तोंडून ऐकलं तर किती घाणेरडं वाटतं गं! म्हणजे मी ढग बघायचे नाहीत, का? तर आरसा लांब आहे!

आई : माझ्यावर कशाला चिडतेस? मी तुझ्या भल्याचं सांगते.

लेक : तुझ्यावर नाही. माझ्यावरच. बाबा, ते पातेलं इकडे द्या.

बाबा : कशाला?

लेक : दाढी करायचीय. नीट. गरम पाण्याने, फेस करून, आरशात बघून. इथेच, या गॅलरीतल्या बेसिनवर.

आई : इथे? अगं समोर सगळ्या गॅलऱ्या उघड्या आहेत! अहो, तिला सांगा काहीतरी!

बाबा : टाचणे, शिकवतो मी तुला. पण पडदा ओढून घेऊ या आधी.

लेक : तुम्ही रोज ओढता?

बाबा : माझं वेगळं.

लेक : काय वेगळं? तुम्ही तर गंजिफ्रॉकवर उभे असता, तोंडाला फेस, समोरच्यांशी हवापाण्याच्या गप्पा. मी पूर्ण कपड्यांत आहे.

बाबा : बरोबर आहे तुझं, पण…

लेक : तिथे सहाजणींसमोर करायचीय. इथे तर आई-बाप जवळ आहेत. इथे नाही जमलं तर तिथे काय डोंबल जमणार? पडद्याला हात लावलात तर मी खाली रस्त्यावर जाऊन करीन. पानवाल्याच्या आरशात.

बाबा : जाईल हो ही. बरं, बस त्या स्टुलावर. टॉवेल बुडव गरम पाण्यात, पीळ, तोंडावर धर. धरून ठेव. छिद्रं उघडू देत.

लेक : छिद्रं उघडत नसतात बाबा, त्यांना काय झडपा आहेत? केस पाणी पितो आणि मऊ होतो, म्हणून सहज कापला जातो.

बाबा : अस्सं? इतकी वर्षं मी उगाच झडपांची वाट बघत होतो. असो, टॉवेल तेवढाच वेळ धरायचा. आता ब्रश. साबणावर गोल फिरव. पाणी कमी झालं, अजून दोन थेंब घे. हां. आता तोंडावर, घासायचं नाही, रंगवायचं. अगं कंजूस, भरपूर लाव!

आई : हे बघवत नाही मला. आत जाते मी.

बाबा : जा. आणि जाताना नवीन पात्यांची पुडी दे, कपाटात वरच्या खणात.

आई : मी नाही देणार.

बाबा : मग मी उठतो, ती स्टुलावर फेस लावून बसलेली राहील आणि समोरच्यांना पुरता वेळ मिळेल.

आई : घ्या पुडी! दोघेही एका माळेचे मणी.

लेक : वस्तरा का नको?

बाबा : आधी हात बसू दे. वस्तऱ्याला तुझा हात कळायला वेळ लागतो. आता फेसाच्या आत बोटं फिरव आणि मला सांग, केस कुठल्या बाजूला झोपलेत?

लेक : गालावर खाली. हनुवटीखाली… अरे, इथे आडवे आहेत. कानाकडून गळ्याकडे.

बाबा : मखमल कापायच्या आधी आम्ही काय करतो? हात फिरवून लव बघतो. लवेच्या बाजूने कात्री गेली की कापड हूं की चूं करत नाही. उलटं गेलं की सगळं विस्कटलं. तू अंधारात वर खाली करत होतीस ना, म्हणून ते केस आत घुसले.

लेक : म्हणजे आधी नकाशा काढायला हवा होता. ढगांचा काढते, स्वतःच्या हनुवटीचा नाही काढला.

बाबा : आता धर. दाबू नको. रेझर जड आहे, तो आपल्या वजनाने खाली येतो. तू फक्त वाट दाखव.

लेक : अंश किती ठेवायचा? तीस?

बाबा : अंश मला माहीत नाही. आवाज ऐक. कोरड्या पानावरून मुंगळा चालल्यासारखा येईल.

लेक : येतोय. बाबा, येतोय! तीसच आहे पण, बघा.

बाबा : असेल. लिहून ठेव, मला पण दे.

आई : आली! समोरच्या शिकवणीवाल्या बाई आल्या गॅलरीत. कुंड्यांना पाणी घालायला. अहो, मधे उभे राहा ना, आडोसा तरी होईल!

लेक : बाबा, बाजूला व्हा. उजेड अडवताय.

आई : बघतेय ती. झारी तशीच हातात धरून बघतेय. आता पुऱ्या इमारतीत बोभाटा होणार. हिच्या तोंडावर फेस बघून…

लेक : काकू! नमस्कार!

आई : अगं!

लेक : हो, मीच! दाढी करतेय! … नाही नाही, चेहऱ्याला लावायचं ते नाही. दाढी! बाबांच्या रेझरने! … हो, येतात मला! बऱ्याच बायकांना येतात काकू, बोलत कोणी नाही!

बाबा : मान हलवू नको, कापेल.

लेक : काय करतायत त्या?

बाबा : झारी खाली ठेवली. गेल्या आत.

आई : सांगायला गेली असणार. फोनवर बसली असणार.

लेक : बसू दे. एकेकीच्या दारात जाऊन सांगायचे माझे कष्ट वाचले. तळमजल्यापर्यंत त्याच पोचवतील.

आई : तुला हसू येतं. मला शाळेत हवालदार म्हणायचे, तुला माहीत आहे? मी दारातून आले की पोरं सलाम ठोकायची. मास्तर पण हसले होते एकदा. बाकावर डोकं टेकवून बसायचे मी मधल्या सुट्टीत. त्यातलं काही तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून मी मेलीने जिवाचं रान केलं, आणि तू गॅलरीतून ओरडून सांगतेस!

लेक : आई…

बाबा : हवालदार? तुला?

आई : तुम्हाला कसं माहीत असणार? तुमच्या नजरेला पडू नये म्हणून तर…

लेक : म्हणून तर शिवणाच्या डब्यात चिमटा. आई, मला तो शाळेत असल्यापासून माहीत आहे. तू नळ सोडून कडी लावून बसतेस ना, तेव्हा मी बाहेर पाय ओढत चालायचे, तू दचकू नयेस म्हणून.

बाबा : नळ? मी इतकी वर्षं समजत होतो की तू कपडे भिजवतेस.

आई : समजा तसंच.

बाबा : आणि मी शिंपी. घरात दोन मशिनी, दोऱ्यांची कपाटं. तरी तुझा शिवणाचा डबा वेगळा का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. माझ्यासारखा बैल मीच.

आई : बघा तिच्याकडे, कापेल कुठेतरी. आणि तो ओठावरचा भाग असा ताणून घे गं. वरचा ओठ दातांवर ओढून. असा.

लेक : असा?

आई : हां. तिथेच दोऱ्याने जीव जायचा तुझा.

बाबा : झालं. आता गार पाणी मार. ही तुरटी फिरव, चुरचुरेल. चुरचुरलं की समजायचं, कुठे जास्त दाबलं.

लेक : एकाच जागी चुरचुरतंय. कालच्या जखमेवर.

बाबा : मग तू माझ्यापेक्षा बरी. हात फिरव गालावर.

लेक : आई, तूच फिरव.

आई : … मऊ आहे गं. भाजलेल्या जागेलासुद्धा लागलं नाही कुठे.

लेक : बाबा, माझा फोन द्या. बारा वाजायच्या आत करायचाय.

(ती गॅलरीतच उभी राहून फोन लावते. खांद्यावर टॉवेल तसाच आहे.)

लेक : नमस्कार बाई, मी बोलतेय. मुलाखतीला आले होते ती. … हो, ठरलं माझं. मी येतेय. … थंडीचं काही नाही, शाल आहे. एक विचारायचं होतं. आपल्या त्या खोलीत बेसिनवर जो मोठा आरसा आहे, तिथे सकाळी उजेड कुठल्या बाजूने येतो? … मला दाढी करायची असते. … हो, दाढी. दर तिसऱ्या दिवशी. … बरं. … बरं. ठेवते.

आई : काय म्हणाल्या?

लेक : आधी विचारलं, दाढीच ना? मग म्हणाल्या, डावीकडून येतो, आठच्या आत उठलीस तर थेट तोंडावर. आणि गरम पाण्याची रांग लागते, तिथे दाढीसाठी म्हणून कोणी पुढे सोडणार नाही.

बाबा : हसल्या का?

लेक : कळलं नाही. हसल्या तरी मी जाणारच आहे.

बाबा : मग हा सेफ्टी रेझर घेऊन जा. ब्रश पण. मी वस्तऱ्यावर भागवीन, चिरा सोडून बाजूच्या चामड्यावर घासला की झालं.

लेक : पट्टा मी आणते म्हटलं ना.

बाबा : नको. हाच राहू दे. आता त्याच्यावर तुझी पण निशाणी आहे. आवर सगळं. आणि तो रेझर पुसू नकोस, माझी शपथ.

लेक : पातेल्यात पाणी उरलंय बरंच. ओतून देऊ?

आई : नको.

बाबा : माझ्यासाठी नको ठेवू, मी आता उद्याच करीन.

आई : तुमच्यासाठी कोण ठेवतंय? टाचणे, पातं बदल त्याचं.

लेक : बदलते. बस तू स्टुलावर. आई, पडदा ओढू का?

आई : अर्धा ओढ. अर्धाच. उजेड लागेल.